कापसाच्या घरचे बारा महिने

शहरातल्या पगारदार माणसाच्या घरात वर्षाच्या बारा पहिल्या तारखा असतात. पगार थोडा असो की बरा, तो ठरल्या दिवशी येतो. वाणी, दूधवाला, शाळेची फी आणि विम्याचा हप्ता असे चार ढीग करून गृहिणी महिन्याची जुळणी करते. महिनाअखेरीस ओढ लागली तरी तिला ठाऊक असते की, चार दिवस कळ काढली की पुन्हा पहिली तारीख आहेच.

यवतमाळ जिल्ह्यातल्या कापसाच्या घरात पहिली तारीख वर्षातून एकदाच येते. ती कोणत्या दिवशी येईल हे पंचांगात नसते. कापूस फुटेल, वेचला जाईल, वाळेल, बंडीत किंवा टेंपोत भरून बाजारात जाईल, त्याचे वजन होईल आणि पैसे हातात पडतील, तो दिवस पहिल्या तारखेचा. खर्च मात्र इतरांसारखाच दर महिन्याला दारात उभा असतो. एका पगारावर बारा महिने कसे काढायचे, हे गणित या घरांतल्या बायका पिढ्यान्‌पिढ्या सोडवीत आल्या आहेत. त्यांच्या घराची, स्वयंपाकाची आणि करमणुकीची ही महिनेवारी हकीगत शहरातल्या वाचकांना परकी वाटणार नाही. संसार तोच आहे, फक्त त्याचे पंचांग निराळे.

काळी माती, पांढरे सोने

यवतमाळ हा वऱ्हाडातला १६ तालुक्यांचा जिल्हा. एका अंगाला वर्धा नदी, दुसऱ्या अंगाला पैनगंगा, मध्ये काळ्या मातीची वावरे आणि सागाची, पळसाची राने. वणीकडे कोळशाच्या खाणी आहेत, पुसद-उमरखेडकडे ऊस आणि हळद दिसते. पण जिल्ह्याची खरी ओळख कापसाची. निजामाने १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला आणि पुढल्या दहा वर्षांत अमेरिकेतले यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस बंद पडताच मँचेस्टरच्या गिरण्यांचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले. पुढे यवतमाळचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लोहमार्गावर नेऊन घालण्यासाठी ११३ किलोमीटरची अरुंद रेल्वे बांधली गेली. हीच ती ‘शकुंतला’. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर चालत असे, आणि तिच्या वेगाच्या गमती सांगितल्याशिवाय वऱ्हाडातल्या गप्पांची बैठक उठत नसे. आता ती गाडी बंद आहे. वर्ध्याहून यवतमाळमार्गे नांदेडला जाणाऱ्या नव्या रुळांचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झाला. गाड्या बदलल्या, कापूस मात्र तोच राहिला.

चैत्र ते ज्येष्ठ : साठवणीचे दिवस

कापसाच्या घराचे जमाखर्चाचे वर्ष गुढीपाडव्याला सुरू होते. सालदाराचा करार याच दिवशी होतो. जुना सालदार राहायचा की नवा पाहायचा, त्याला धान्य किती आणि रोख किती, हे पाडव्याच्या आत ठरते. घरधनी बाहेर ही बोलणी करीत असतो, तेव्हा घरात वाळवणाची धांदल उडालेली असते. कुरडया, पापड, सांडगे, मुंगवड्या आणि शेवया यांनी गच्च्या आणि अंगणे भरून जातात. शहरातल्या गृहिणीला हा हौसेचा उद्योग वाटेल. इथे ती पावसाळ्याची तरतूद आहे. श्रावणात हातात पैसा नसताना भाजीची पाटी महागते, तेव्हा मूठभर मुंगवड्यांचा रस्सा चार माणसांचे जेवण निभावून नेतो. ऊन फुकट मिळते तेव्हा ते डब्यात भरून ठेवायचे, अशी ही युक्ती.

खाण्यापिण्याच्या दृष्टीने हे दिवस तसे वाईट नाहीत. बाजारात चिवळीची कोवळी भाजी येते. ती तुरीच्या किंवा मुगाच्या डाळीत घालून परतली की भाकरीबरोबर दुसरे काही लागत नाही. रानाकडच्या गावांत मोहाची फुले वेचली जातात, चारोळी गोळा होते, तेंदूच्या पानांचे पुडे बांधले जातात. कोलाम आणि गोंड कुटुंबांना हाच रोकड्याचा हंगाम. अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरली की आमरसाला मोकळीक मिळते. वैशाखात लग्ने. लग्नाची पंगत म्हणजे वरण-भात, वांग्याची भाजी, बुंदी आणि पालक घालून केलेली ती सुप्रसिद्ध डाळभाजी. शहरात वाढलेल्या वऱ्हाडी मंडळींना पक्वान्नांपेक्षा या डाळभाजीचीच आठवण अधिक येते.

ऊन मात्र जीवघेणे. पारा ४५ अंशांच्या आसपास रेंगाळतो; दुपारी रस्ते ओस पडतात. पाण्याचीही ओढ असते. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी पुरविणारी निळोणा आणि चापडोह ही धरणे आटली, तेव्हा घरोघर पाण्याचे रेशन झाले होते. भाजी धुतलेले पाणी झाडाला, कपडे धुतलेले पाणी फरशीला, ही शिस्त त्या वर्षी शाळकरी पोरांनाही लागली.

मृग जवळ आला की घरातली शिल्लक बाहेर पडते. सरकीच्या बियाण्याची पाकिटे, खत, पेरणीची मजुरी. ज्याला बँकेचे पीककर्ज वेळेवर मिळते तो सुखी. ज्याला मिळत नाही तो कृषी केंद्रातून उधारीवर माल उचलतो, नाहीतर बायकोच्या गळ्यातला एखादा डाग गहाण पडतो. ज्येष्ठात गेलेला हा डाग दिवाळीपर्यंत परत यावा, एवढीच त्या माउलीची इच्छा असते. पेरणी केली आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणी येते. मग दुसरा डाग.

आषाढ ते भाद्रपद : रिकामी पेटी, भरलेले रान

हे तीन महिने कापसाच्या घराची खरी परीक्षा. घरातला पैसा जमिनीत गाडलेला, पीक गुडघ्याएवढे, आणि निंदण-डवरणीची मजुरी दर आठवडी बाजाराला रोख मोजायची. शहरात महिनाअखेर चार-सहा दिवसांची असते. इथली महिनाअखेर तीन महिने चालते.

अशा वेळी रान मदतीला येते. पहिल्या पावसानंतर तरोटा उगवतो. त्याची कोवळी पाने खुडून कांदा-मिरचीवर परतलेली भाजी गरिबाच्या घरी होते, तशीच श्रीमंताच्याही. करटोली, कुंजर, बांबूचे कोवळे कोंब, म्हणजे इकडचे वास्ते, आणि पुढे धुऱ्यावरची अंबाडी. अंबाडीच्या आंबट भाजीत ज्वारीच्या कण्या घालून वरून लसणाची फोडणी ओतली, तर तोंडाला अशी चव येते की रिकाम्या पेटीचा क्षणभर विसर पडावा. आजकाल शहरांत रानभाज्यांचे महोत्सव भरतात आणि त्यांची किंमत पाहून डोळे विस्फारतात. इथल्या सासूबाई म्हणतील, “आमच्या घरी तं सारा पावसाळाच महोत्सव हाये व माय!”

श्रावणात दारावर जिवतीचा कागद लागतो आणि अमावास्येला पोळा येतो. बैलांचा हा सण वऱ्हाडाने मनापासून जपला आहे. आदल्या दिवशी बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळून शेकतात आणि त्यांना उद्याच्या जेवणाचे रीतसर आमंत्रण देतात. दाराशी पळसाच्या फांद्यांचे मेढे उभे राहतात. संध्याकाळी तोरणाखाली सजलेल्या जोड्या उभ्या राहिल्या की झडत्या सुरू होतात. सरकार, सावकार, पाऊस, भाव, गावचे पुढारी, कोणाचीही यमकात रेवडी उडवावी आणि कोणी रागावू नये, असा हा मोकळा दरबार. तीन महिने मनात साचलेले त्या एका संध्याकाळी हसत बाहेर पडते. दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा, तो पोरांचा. ट्रॅक्टर आल्याने गावातले बैल कमी झाले, पण लाकडी बैलांची संख्या घटल्याचे दिसत नाही.

भाद्रपदात महालक्ष्म्या येतात. ज्वारीची आंबील, सोळा भाज्या, पुरणपोळी आणि भरजरी लुगड्यांतल्या उभ्या मूर्ती. जवळ पैसा नसताना हा थाट कसा निभतो, असे कोणी विचारील. एकीच्या परसातला भोपळा दुसरीकडे जातो, तिच्या घरचे कारले हिच्याकडे येते. सोळा भाज्या सोळा घरांतून जमतात. ही देवघेव कोणत्याही वहीत लिहिलेली नसते. आता बचत गटांमुळे तिला वहीचाही आधार मिळाला आहे. दरमहा ठरावीक रक्कम टाकायची आणि अडीनडीला थोड्या व्याजाने उचलायची. डाग गहाण ठेवण्याऐवजी गटाचे दार ठोठावता येते, हा बायकांच्या संसारातला लहान पण खरा बदल आहे.

याच दिवसांत फवारणीचे कामही असते, आणि इथे थोडे गंभीर व्हावे लागते. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. पऱ्हाटी माणसाच्या उंचीची झाली होती, हवा कोंदट होती, अंगात साधा सदरा होता आणि तोंडावर काहीच नव्हते. तेव्हापासून पुष्कळ घरांत गृहिणीनेच नियम घातले आहेत. फवाऱ्याचे कपडे वेगळे ठेवायचे व वेगळे धुवायचे, वाऱ्याच्या उलट फवारायचे नाही, उपाशीपोटी वावरात जायचे नाही, आणि आल्याबरोबर साबणाने अंघोळ केल्याशिवाय लेकराला उचलून घ्यायचे नाही. औषधाचा रिकामा डबा स्वयंपाकघरात येता कामा नये, हा आणखी एक. असे नियम प्रत्येक घराने भिंतीवर लिहून ठेवावेत.

आश्विन ते कार्तिक : एकमेव पहिली तारीख

भाद्रपदाच्या पौर्णिमेला भुलाबाई बसते आणि महिनाभर संध्याकाळी गावातल्या मुली घरोघर गाणी म्हणत फिरतात. गाणी संपली की खाऊ ओळखण्याचा खेळ. झाकलेल्या डब्यात काय आहे, हे वासावरून आणि डब्याच्या आवाजावरून ओळखायचे. या महिन्यात खाऊ फार महागाचा नसतो. फुटाणे, लाह्या, एखादे दिवशी खोबरे. ओळखण्याची गंमतच पोट भरते. यवतमाळ शहरात नवरात्राचा दुर्गोत्सव मोठ्या इतमामाने होतो. खेड्यापाड्यांतून माणसे देखावे पाहायला येतात आणि रात्रभर रस्ते वाहतात. कोजागरीच्या दुधाबरोबर भुलाबाईची बोळवण होते, आणि सगळ्यांचे डोळे वावराकडे लागतात.

बोंडे फुटली की पहिल्या वेचणीला सीतादही करतात. वावरात छोटी पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मग बायका कमरेला ओटी बांधून ओळीने वेचायला लागतात. वेचणीची मजुरी किलोवर असते, त्यामुळे बोटे चपळ हवीत. आणि बोंडाची टोके टोचून ती संध्याकाळपर्यंत सोलून निघतात. दव उतरल्यावर वेचावा, काडीकचरा येऊ देऊ नये, पहिला वेचा वेगळा ठेवावा, हे सारे बायकांना पाठ असते. घरी आलेला कापूस पडवीत, पडवी भरली की माजघरात, तेही भरले की झोपायच्या खोलीत. पोरांना त्यात उड्या मारायला मिळतात. मोठ्यांना रात्री अंगाला खाज सुटते, कारण साठवलेल्या कापसात बारीक किडे होतात. २०२२-२३ च्या हंगामात, आदल्या वर्षीचा दहा हजारांच्या वरचा भाव पुन्हा येईल म्हणून कित्येक घरांनी उन्हाळ्यापर्यंत कापूस घरात ठेवला. भाव आला नाही. खाज मात्र आली.

आता सगळ्या गोष्टीचे मर्म सांगतो. दिवाळी येते तेव्हा पहिला वेचा नुकताच घरात आलेला असतो आणि तो ओला असतो. सरकारी खरेदीचा नियम असा की, कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पुरा भाव. त्यापुढे कपात, आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव ठरविला. पण तो भाव मिळवायचा तर कापूस वाळवायचा, केंद्र उघडण्याची वाट पाहायची, नोंदणी करायची आणि पैसे बँकेत जमा होईपर्यंत थांबायचे. दिवाळी थांबत नाही. लेक माहेरी यायची असते, जावयाचा मान असतो, सालदाराला कापड द्यायचे असते, वाण्याची चार महिन्यांची उधारी असते. मग गावातच काटा लावून बसलेल्या खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याला थोडा कापूस कमी भावात द्यावा लागतो.

समजा, दहा क्विंटल असा दिला आणि क्विंटलमागे पाचशे रुपये कमी मिळाले. पाच हजार गेले. नेमका तेवढाच एका बेताच्या घराच्या दिवाळीचा खर्च! म्हणजे दिवाळी साजरी करायची किंमत आणखी एका दिवाळीइतकी. कोरडवाहू एकराला पाच-सहा क्विंटल कापूस झाला तरी पीक चांगले म्हणतात. तेव्हा ही तूट किती झोंबत असेल, ते पाहा.

१९७२ साली राज्यात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली तेव्हा भावाची निश्चिती मिळाली, पण पैसे चुकाऱ्यांनी मिळत. जुन्या बायका अजून सांगतात की पहिल्या चुकाऱ्यात दिवाळी, दुसऱ्यात लग्न आणि शेवटच्यात निव्वळ वाट पाहणे. पुढे ती योजना मावळली, बीटी बियाणे २००२ पासून आले, बोंडअळी काही वर्षे हटली आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळी पुन्हा चढून आली. कर्जाच्या ओझ्याखाली शेतकऱ्यांनी जीव दिल्याच्या बातम्यांनी याच काळात यवतमाळचे नाव देशभर गेले. जुलै २००६ मध्ये विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांचे ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर झाले, त्यात यवतमाळ होता. २००९ साली आलेल्या ‘गाभ्रीचा पाऊस’ या सतीश मनवर यांच्या चित्रपटात एक शेतकऱ्याची बायको नवऱ्याच्या मनात भलते काही येऊ नये म्हणून त्याच्या आवडीचे पदार्थ करून घालीत राहते आणि त्याच्यावर नजर ठेवते. चित्रपट पाहताना शहरातल्या प्रेक्षकाला हसूही येते आणि घशात आवंढाही येतो. स्वयंपाकघरातून घर राखण्याचा हा प्रयत्न कल्पनेतला नाही, हे कापसाच्या घरातली कोणतीही बाई सांगेल.

तरीही दिवाळी होते, आणि ती मनापासून होते. पहिल्या वेच्यातला मूठभर कापूस आधीच बाजूला काढलेला असतो. सरकी काढून त्याच्या वाती वळल्या जातात. तेल विकतचे, पणती कुंभाराची, पण वात घरची. चिवडा, शंकरपाळे, करंज्या आणि अनारसे होतात. अनारशांचे पीठ आधीच मुरत घातलेले असते. बंजारा तांड्यांवर अमावास्येच्या रात्री कुमारिका हातात दिवे घेऊन घरोघर ‘मेरा’ मागत फिरतात. केळापूर-झरीकडच्या गोंड-कोलामांच्या पाड्यांवर मोरपिसांचे मोठे मुकुट घालून नाचणारी दंडारीची मंडळी एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणी जातात. पाडव्याला गाईगोधनाची मिरवणूक असते. तिकिटाशिवाय एवढी करमणूक कोणत्या शहरात मिळेल?

मार्गशीर्ष ते फाल्गुन : थोडी उसंत

थंडी पडली की कापूस वाळतो, केंद्रे उघडलेली असतात आणि उरलेल्या मालाचे पैसे येऊ लागतात. सोडवलेला डाग गळ्यात परत येतो. याच दिवसांत वऱ्हाडी स्वयंपाक पुऱ्या रंगात असतो. गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वर तूप, बाजूला वरण आणि वांग्याची भाजी. हे जेवण वावरात, मारुतीच्या पारावर, पत्रावळीवरच व्हावे. वांग्याचे भरीत पऱ्हाटीच्या जाळावर. तुरीच्या शेंगा भरल्या की ओल्या सोल्यांची आमटी आणि सोलेभात. चण्याच्या डाळीचे वडे कुस्करून वरून फोडणीचे तेल ओतलेला वडाभात पाहुण्यांसाठी. पाटवडीचा रस्सा मात्र बेताने खावा. वऱ्हाडी तिखट पाहुण्याची ओळख विचारीत नाही.

करमणुकीलाही आता सवड मिळते. कळंबला जमिनीच्या पातळीखालच्या गाभाऱ्यातल्या चिंतामणीचे दर्शन होते, टिपेश्वरच्या अभयारण्यात वाघ पाहायला शहरी मंडळींच्या गाड्या येतात. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, २०१४ मध्ये न्यायालयाच्या निकालाने थांबल्या होत्या. २०२१ च्या अखेरीस अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, तेव्हा पटाच्या दाण्या पुन्हा माणसांनी फुलल्या. साहित्याचीही हौस या जिल्ह्याला आहे: १९७३ मध्ये ग. दि. माडगूळकरांच्या आणि २०१९ मध्ये अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन यवतमाळलाच भरले. फाल्गुनात पळस पेटतो, तांड्यांवर लेंगी घुमते, आणि वर्ष पुन्हा पाडव्याच्या उंबऱ्याशी येते.

वहीतली शेवटची ओळ

या महिनेवारीतून शहरी गृहिणीने उचलावे असे बरेच आहे: ऊन असताना वाळवण, भाजी असताना देवघेव, पैसा असताना बचत. कापसाच्या घरातल्या बाईची काटकसर मात्र अपार असली, तरी तिच्याने भाव वाढत नाही आणि पाऊस पडत नाही. खरेदीचे केंद्र दिवाळीच्या पंधरा दिवस आधी उघडले, ओल्या कापसावर थोडी उचल मिळाली, पीककर्ज मृगाच्या आत हातात पडले, तर तिच्या वहीतली ती पाच हजारांची तूट भरून निघेल. मागणे फार मोठे नाही.

एक सोपा हिशेब वाचकांनीही करून पाहावा. शंभर किलो कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते. बाकीची बहुतेक सरकी. त्या सरकीचे तेल फराळाच्या कढईत येते आणि ढेप गाईच्या गव्हाणीत जाते. रुईचे धोतर होते, साडी होते, बाळाचे दुपटे होते आणि देवापुढची वातही होते. दिवाळीच्या पहाटे आपल्या घरात उजेड पडतो तेव्हा त्या वातीचा कापूस कोणत्या भावाने विकला गेला असेल, एवढा विचार क्षणभर मनात आला तरी पुष्कळ झाले. दिवाळीच्या शुभेच्छा यवतमाळच्या त्या घरांनाही असोत, आणि त्यांची एकुलती पहिली तारीख या वर्षी वेळेवर येवो!